ताराचा खेळ नव्या मशीनवर

पुष्पलता लिखारशी ऑफिसात कोणाचं वाकडं नव्हतं, पण तिला कोणी डब्यालाही बोलवत नसे. सिव्हिल लाइन्समधल्या त्या खासगी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात तिची एकच मैत्रीण होती, तारा. पगाराचे प्रोग्राम दोघींनी मिळून लिहिले. ताराने गंमत म्हणून वाघबकरीचा खेळही लिहिला. पडद्यावर अक्षरांचे वाघ, फुल्यांच्या बकऱ्या. जेवणाच्या सुट्टीत एकाच कीबोर्डवर दोघी आळीपाळीने खेळत. मग ताराच्या नवऱ्याची भिलाईला बदली झाली.

अठ्ठ्याऐंशी साली युनिक्सचं नवं मशीन आलं. जुने प्रोग्राम त्याला कळेनात. सगळं नव्यानं लिहायचं आणि जुनं मशीन भंगारात काढायचं ठरलं.

पुष्पलता विभागप्रमुख विश्वनाथ साहेबांकडे गेली. "सर, मी एक दुभाषी प्रोग्राम लिहिते. तो जुन्या मशीनची एकेक आज्ञा वाचंल आन् नव्याले त्याच्या भाषेत सांगंल. मग जुने प्रोग्राम आहे तसेच चालतीन."

"जमेल?"

"करून पाहते."

ऑफिस सुटल्यावर बसायची परवानगी मिळाली. आधी कोणता प्रोग्राम चालवून पाहणार, हे तिनं सांगितलं नाही.

उन्हाळा त्यातच गेला. कधी बकऱ्या पटाबाहेर पळत, कधी वाघ वाघालाच खाई. चूक सापडली की दुसरी निघे. एका संध्याकाळी पट सरळ मांडला गेला आणि बकरी सांगितल्या घरात जाऊन बसली. पुष्पलतानं हरखून मागे पाहिलं. शिपाई कवडू खिडक्या लावत होता.

"झालं काय बाई?"

"झालं गा, कवडू."

"मंग चला. कुलूप लावाचं हाय."

दिवाळीत तारा सासरी आली, तेव्हा पुष्पलता तिला ऑफिसात घेऊन आली. पडदा पाहून तारा हसली. "अगं बाई, हे अजून आहे? मी तर विसरूनच गेले होते. वाघ कोणत्या बटणानं सरकतो गं?"

पुष्पलतानं बटण दाखवलं. चारदोन चाली झाल्या. खाली ऑटोत ताराचा नवरा थांबला होता. तारा उठली.

"काहून वं, इतक्यात निघाली?" पुष्पलतानं विचारलं.

"एकांकडे फराळाला जायचंय. ये ना एकदा भिलाईला," पायऱ्या उतरता उतरता तारा म्हणाली.

पुष्पलता परतली. पुढची चाल वाघाची, म्हणजे ताराची होती. ती तिनं खेळली नाही. मशीन बंद केलं.

पगाराचे प्रोग्रामही दुभाष्यावर चालले. साहेब खूश झाले. तोच दुभाषी बसवायला त्यांनी तिला कामठीच्या शाखेत पाठवलं. तिथल्या लोकांनी वाहवा केली, चहा पाजला, आणि मशीनभोवती गोळा होऊन आपसात बोलू लागले. तिनं नमस्कार केलेला कोणाच्या लक्षात आला नाही.

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. पुष्पलतानं पर्स मांडीवरच ठेवली, कोणी बसलंच तर म्हणून.