मांडीवरचं सिलिंडर

नागभीडहून चंद्रपूरला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या मासेमाराने मांडीवर एक पिवळं सिलिंडर लेकरासारखं धरलं होतं. तलावाच्या तळाशी अडकलेली जाळी सोडवायला त्याने पाण्याखाली श्वास घ्यायचं हे जुनं सामान मोबाईलवरून मागवलं होतं.

"चालतं का?" मी विचारलं.

तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "घरच्या टाक्यात बसून पाह्यलं. हवाच बंद झाली. बायकोनं केस धरून वर काढलं."

"विकणारा काय म्हणाला?"

"एकदाच वापरलं म्हणे. घेतानी मी खुश झालो. आता वाटते, त्यानं दुसऱ्यांदा काऊन नाई वापरलं?"

मला हसू आलं. तो मात्र गंभीरच होता.

"आता कुठे नेता?"

"मिस्तरीकडे. बायकोनं सांगतलं, दुरुस्त झालं म्हणला तर पहिले त्यालेच टाक्यात बसवा."