वानखडे सरांचा मार

वानखडे सरांनी मला पहिल्यांदा मारलं ते देवाच्या घरात, भर पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर. अमरावतीच्या आमच्या सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, ते उपदेश करायला शिकवत. आम्ही पुलपिटवर उभं राहून रिकाम्या बाकांसमोर उपदेश द्यायचा आणि सरांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकायचं, हातात लाकडी पाठीचा डस्टर. मनात नसलेलं वाक्य तोंडातून निघालं की डस्टर सुटलाच. "शत्रूवर प्रेम करणं किती सोपं आहे," असं मी म्हणालो आणि दुसऱ्या क्षणी डाव्या भुवईतून रक्त ओघळायला लागलं. सर जागेवरूनच म्हणाले, "खोटं बोलून राहिला बे. कर आता मायावर प्रेम."

तीन टाके पडले. दवाखान्यात त्यांनीच नेलं, येताना रसवंतीवर उसाचा रसही पाजला. माणूस तसा होता. माझे वडील गेले तेव्हा कबर खणायला गडी मिळेना, तर सरांनी कोट काढून ठेवला आणि स्वतः फावडं घेतलं. अशा माणसाचा राग कसा येणार? उलट आम्हाला त्या माराचा अभिमान. माजी विद्यार्थी भेटले की एकमेकांना व्रण दाखवायचे, कोणाचा ओठ फाटलेला, कोणाचं बोट वाकडं. कागदाची पदवी कोणालाही मिळते, ही खरी, असं आम्ही खिदळत म्हणायचो. खुळेच होतो.

पुढे मी त्याच सेमिनरीच्या कार्यालयात लागलो आणि मान्यतेचं काम माझ्या गळ्यात आलं. मान्यता गेली असती तर पोरांच्या पदव्यांना कोणी विचारलं नसतं आणि फाटकाला कुलूप लागलं असतं. महिनाभर जागून मी फायली रचल्या. तपासायला आलेल्या समितीच्या प्रमुख बाईंनी त्या चाळल्या आणि बाजूला सारल्या. म्हणाल्या, कागद ठीक आहेत, पण तुमच्या शिकवण्याचा परिणाम काय झाला ते मला माणसांत दाखवा.

मी तयारच होतो. आमच्याकडे शिकलेल्या बारा पाळकांना त्यांच्या बायकांसकट मेळाव्याला बोलावून ठेवलं होतं. आमच्यात पाळकाला बोलावणं गेलं की पाळकबाईलाही जातंच. अतिशहाणपणा माझा असा की व्रणांच्या गोष्टी सांगा, बाईंना आमच्या गुरूची ओळख पटेल, असं मीच सगळ्यांना पढवलं होतं.

मूर्तिजापूरकडच्या एका गावातला सुधाकर पहिला उठला. वाकडं बोट वर धरून म्हणाला, "सरांनी हे मोडलं, म्हणून मी घडलो." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग तुम्हीही कोणाला असंच घडवता का?"

सुधाकर काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून त्याची बायको सुमन उठली. तिने पदर बाजूला केला. कोपर सुजून काळंनिळं पडलं होतं, हात सरळ होत नव्हता.

"मले घडवते," ती म्हणाली. "भाजीत मीठ कमी पडलं का घडवते. उलटून बोलली का घडवते."

सर पहिल्या रांगेत होते. काठी घेऊन उठले आणि सुधाकरवर तुटून पडले. पाठीवर, खांद्यावर, मग तोंडावर. खुर्च्या उलटल्या, सुधाकर खाली पडला, त्याच्या दाताचं रक्त फरशीवर सांडलं. आम्ही चौघांनी धरलं तरी सर आवरेनात. शेवटी सुमननेच पुढे होऊन काठी पकडली.

"पुरे करा, सर. घरी असंच चालते. तो हात बी तुमच्यावानीच उचलते."

सर थांबले. काठी तिच्या हातात सोडून दिली. मग धापा टाकत बाईंकडे वळले. "लिवा बाई. मायाच विद्यार्थी आहे तो. हाच परिणाम."

मान्यता रोखली गेली. सुधारायला दोन वर्षांची मुदत मिळाली. सुमन पोलिसांत तक्रार देऊन धामणगावला माहेरी गेली, चर्चच्या मंडळीने सुधाकरला पाळकपदावरून काढून टाकलं. सरांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि डस्टर माझ्या टेबलावर ठेवून अकोल्याला निघून गेले. प्राचार्यांनी मात्र संध्याकाळपर्यंत मला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं.

त्यानंतर सर एक शंभर पानी वही घेऊन एसटीने फिरायला लागले. एकेका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी जायचे, पाणीही न घेता पाळकबाईला नवऱ्यादेखत विचारायचे, "मारते का हा तुले?" ती सांगेल ते लिहायचे आणि खाली नवऱ्याची सही घ्यायचे. एका पठ्ठ्याने त्यांना पायऱ्यांवरून ढकललं, मनगट मोडलं. प्लास्टर घालून ते तसेच पुढच्या गावाला गेले.

सगळ्यात शेवटी माझ्याकडे आले. मी हसत दार उघडलं, बायकोला, शैलाला, चहा टाकायला सांगितला. सरांनी तिलाही तेच विचारलं. माझं हसू तोंडावर होतं तसंच होतं.

शैलाने कप खाली ठेवला. "एकदा," ती म्हणाली. "मेळाव्याच्या त्याच दिवशी, संध्याकाळी. कानाखाली."

मी विसरून गेलो होतो, देवाशप्पथ. प्राचार्यांचा राग घरी आणला होता मी. ती विसरली नव्हती.

सरांनी प्लास्टरच्या हाताने कसंबसं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरला. ओरडतील असं वाटलं, वाटलं काय, ओरडावं असंच वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "सही कर बे. हात तुया आहे, वळण मायं आहे." मी सही केली. जाताना त्यांनी शैलापुढे हात जोडले. तिने त्यांना बसवलं आणि चहा प्यायला लावला. त्या सगळ्या फिरण्यात त्यांनी कोणाकडे काही घेतलं असेल तर तो तेवढाच कप.

महिनाभरात सर गेले. त्यांच्या पुतण्याने वही आणून दिली. मुदत संपली, समिती परत आली, त्याच बाई. शिक्षणाचा परिणाम काय, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी फायली कपाटातच ठेवल्या आणि वही पुढे केली. वही भरलेली आहे, कुठून वाचू, असं त्या म्हणाल्या. मी माझं पान उघडून दिलं.