देवीच्या फोटोची काच

अनुसयाबाई डाव्या हातानं कचरा निवडत होत्या. उजवा हात पदराखाली होता. मी नगरपरिषदेच्या कचरा-शेडमध्ये गेलो होतो पंखा बंद पडल्याची तक्रार बघायला. पण वीस वर्षं ज्या बाईला दोन्ही हातांनी सपासप कचरा वेगळा करताना बघितलंय, ती एका हातानं चाचपडताना दिसली की पाय थांबतोच.

"बाई, हात का झाकलाय?"

"काय न्हाय साहेब. जरा लागलंय."

"दाखवा बघू."

"ऱ्हाऊ द्या की. बरं व्हतंय."

मी हललो नाही, तेव्हा त्यांनी हात पुढं केला. हळद लावून चिंधी बांधली होती. चिंधी सोडली तर तळहातावर आडवी, जाड वळ धरलेली जखम. मी म्हटलं, मूठ मिटा. तीन बोटं वळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तशीच ताठ राहिली.

"कधी लागलं हे?"

"घट बसायच्या आदी."

घट उठले होते, दसरा झाला होता, कोजागिरीही होऊन गेली होती. एवढे दिवस मी कुठं होतो? नवरात्रात तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. आमचा सगळा स्टाफ पाण्याचे टँकर आणि फिरते संडास घेऊन रस्त्यावर. शेडकडं कुणी फिरकलं नव्हतं.

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

त्यांनी चिंधी पुन्हा गुंडाळायला घेतली. मग खाली बघून म्हणाल्या, "देवीनं शिक्षा दिली साहेब. कुणाला काय सांगायचं?"

मी नगरपरिषदेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. लोक तोंडावर कदम साहेब म्हणायचे, मागं कचरा साहेब. गाव कोणतं ते सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, हायवेवरचं, एवढं पुरे. हा हात कसा कापला गेला ते सांगायचं तर पावसाळ्यातल्या एका मीटिंगपासून सुरुवात करावी लागेल.

शिक्षक, क्लार्क, पुजारी अशा लोकांची एक कॉलनी आमच्याकडं होती. दीडेकशे घरं. शिकलेली माणसं. घंटागाडी आली की ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, हे त्यांनी इतरांच्या आधी शिकून घेतलं. अडलं एकाच ठिकाणी. देवाला वाहिलेली फुलं, नारळ, जुने फोटो, भंगलेल्या मूर्ती ते घंटागाडीत टाकायला तयार नव्हते. देव कचऱ्यात कसा टाकायचा? मग हे सगळं कॉलनीच्या टोकाला पिंपळाखाली नेऊन ठेवायचे. ठेवायचे, टाकायचे नाहीत, हे ते बजावून सांगत. पण पाऊस पडला की ठेवलेलं आणि टाकलेलं सारखंच कुजतं. तिथं डुकरं आली. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला, आणि तो मुख्याधिकाऱ्यांपर्यंत पोचला. आम्ही त्यांना सीओ साहेब म्हणायचो. नुकतेच परीक्षा देऊन आलेले, हुशार, घाईत असलेले.

"कदम, स्वच्छता सर्वेक्षणाची टीम यायच्या आत तो पिंपळ मला स्वच्छ पाहिजे."

मी डोकं चालवलं. एक मोठा ड्रम घेतला, भगवा रंग दिला, वर 'निर्माल्य' असं लिहून घेतलं आणि पिंपळाखाली चौथऱ्यावर बसवला. यातलं घंटागाडीत जाणार नाही, वेगळ्या रिक्षानं शेडवर जाईल, फुलांचं खत होईल आणि ते खत तुमच्याच तुळशीला परत येईल, असं मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. कचऱ्याच्या मीटिंगमध्ये टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्या.

मग कॉलनीचे अध्यक्ष, रिटायर्ड शिक्षक जोशी सर, उभे राहिले. "कदम साहेब, फुलांचं ठीक आहे. जुन्या फोटोंचं काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. पण टाळ्या अजून कानात होत्या. मी म्हटलं, "तेही ड्रममध्ये टाका सर. फक्त फ्रेम आणि काच काढून सुक्या कचऱ्यात द्या. आतला कागद तेवढा ड्रममध्ये."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी नियम लिहून काढला, छापून घरोघर वाटला. नियम क्रमांक सात. पुढं सीओ साहेबांनी तोच कागद 'नवोपक्रम' म्हणून सर्वेक्षणात पाठवला.

शेडवर त्या ड्रममधला माल निवडायचं काम अनुसयाबाईंकडं आलं. आमच्यात निवडण्याला सेग्रिगेशन म्हणतात. शब्द मोठा आहे, काम एवढंच की ढिगात हात घालायचा आणि जे ते वेगळं काढायचं. फुलांतून दोरे, उदबत्तीची पाकिटं, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढायच्या. बाकीचा कचरा त्या ग्लोव्ज घालून निवडायच्या. पण निर्माल्याचा ढीग पुढं आला की चपला बाहेर काढायच्या, ग्लोव्ज काढून हात धुवायच्या, नमस्कार करायच्या आणि मग ढिगाला हात लावायच्या. "ज्या मोज्यानं घाण उचलली त्येच्यानं देवाला धरायचं व्हय?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं. मी फोटोही काढला. सीओ साहेबांनी तो परत पाठवला. म्हणाले, ग्लोव्ज दिसत नाहीत, दुसरा काढा. मी अनुसयाबाईंना ग्लोव्ज घालायला लावले, दुसरा फोटो काढला. तो झाल्यावर त्यांनी ग्लोव्ज पुन्हा काढून ठेवले. मी बघत होतो. मी काही बोललो नाही.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घराघरांत धुणं-पुसणं निघतं. देव्हारा रिकामा होतो, वर्षभरात डागाळलेले, वाळवी लागलेले फोटो बाहेर येतात. त्या आठवड्यात ड्रम रोज भरला. आणि फोटोची फ्रेम एकाही घरानं खोलली नव्हती. कशी खोलतील? देवीच्या तोंडासमोरची काच पक्कड घालून उचकटायची, खिळे उपटायचे, मागचा पुठ्ठा ओरबाडायचा, हे त्या लोकांना कचऱ्यात टाकण्याहून वाईट वाटलं. त्यांनी फोटो आहे तसा, हळदीकुंकू वाहून, खणात गुंडाळून, वर फुलं घालून ड्रममध्ये ठेवला. फार आदरानं ठेवला. रिक्षातून शेडवर जाताना आत काच फुटली. वरून दिसत होता फक्त खण आणि झेंडू.

अनुसयाबाईंनी हात धुतले, नमस्कार केला आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी उचललं.

शेडमध्ये हात बघितला त्याच दिवशी मी त्यांना जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. बोट वळवणारी दोरी असते, तिला टेंडन म्हणतात, ती कापली गेलीय म्हणाला. लगेच आणलं असतं तर जोडली असती. आता ती आत आक्रसून गेलीय, वरून मांसही धरलंय. "ऑपरेशन करून बघू, पण पकड येईल असं मी सांगणार नाही." ऑपरेशन झालं. पकड आली नाही.

अनुसयाबाईंची पोटाची दोन कामं होती. दिवसा शेड, संध्याकाळी नळदुर्ग रोडवरच्या ढाब्यावर भाकरी. ज्वारीची भाकरी पाचही बोटांनी थापावी लागते. तीन बोटांची भाकरी काठावर चिरते, हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. ढाबेवाल्यानं आठ दिवस बघितलं आणि दुसरी बाई ठेवली. शेडवरची माणसं ठेकेदाराची; त्याच्या सुपरवायझरला मी बाईंच्या कामाचं आणि भरपाईचं विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, बाई तीन आठवड्यांनी सांगते शेडमध्ये लागलं म्हणून. घरी विळीवर कापलं नसेल कशावरून?" देवीची काच आपल्याच हातून फुटली, या भीतीनं ती बाई गप्प बसली, आणि तेच गप्प बसणं तिच्या अंगावर आलं.

रिपोर्ट मला लिहायचा होता. तोवर सर्वेक्षणात आमचा नंबर बराच वर आला होता, ड्रमला शाबासकी मिळाली होती.

"कदम, ग्लोव्ज दिले होते ना?" सीओ साहेबांनी विचारलं.

"दिले होते साहेब."

"फोटो आहे ना घातल्याचा?"

"आहे."

"मग तेवढं लिहा. जास्त पाल्हाळ लावू नका."

मी लिहिलं, 'कामगारास सुरक्षा साधने पुरवलेली असूनही त्यांनी ती न वापरल्याने इजा झाली.' त्यात एक शब्द खोटा नव्हता. खाली सही केली. आयुष्यात हजारो कागदांवर सह्या केल्या, त्यातली ही एक मला झोपू देत नाही. माझ्या रिटायरमेंटला सात महिने राहिले होते. भांडलो असतो तर काय वाकडं होणार होतं? काहीच नाही. तरी नाही भांडलो.

कॉलनीत पुन्हा मीटिंग घेतली. बाईंचा हात कसा गेला ते सांगितलं. लोक हळहळले. जोशी सरांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडून म्हटलं, यापुढं काच तेवढी घरी काढा. सर म्हणाले, "साहेब, वाईट वाटतंय हो. पण आमच्या हातानं देवाची फ्रेम फोडायची म्हणजे… तुम्ही दुसरी बाई जरा जपून काम करणारी बघा ना." ते मनानं दुष्ट नव्हते. म्हणूनच मी जास्त खचलो. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

शेवटी अनुसयाबाईंच्या घरी गेलो. निदान खरं काय ते त्यांना कळावं, एवढंच मनात होतं. त्या दारात बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होत्या. उठून त्यांनी चहा ठेवला.

मी म्हटलं, "बाई, यात देवीची शिक्षाबिक्षा काही नाही. नियम मी केला. तुमचे ग्लोव्ज काढलेले मी बघितले होते. चूक माझी आहे. रिपोर्टमध्ये मी तुमच्यावर ढकललं, तेही मीच."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. डाव्या हातानं आणखी एक शेंग फोडली.

"आसं नका म्हणू साहेब. देवीनं केलं आसंल तर ती आज ना उद्या माफ करंल. तिच्या दारात जाऊन नाक घासता येतंय. तुमी केलं आसंल तर म्या कुणाच्या दारात जाऊ?"

मी चहा संपवला आणि उठलो.

आता मी रिटायर्ड आहे. भगवा ड्रम अजून पिंपळाखाली आहे, नियम क्रमांक सात तसाच आहे, निवडायला दुसरी बाई आहे. माझ्या जागी आलेला पोरगा कधीमधी सल्ला विचारायला येतो. त्याला मी एकच सांगतो. नियम छापायच्या आधी, तो शेवटी ज्याच्या हातात जाऊन पडणार आहे त्याला विचार. मी शंभर शिकलेल्या माणसांना विचारलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. शेडमध्ये जाऊन अनुसयाबाईंना विचारलं असतं, तर त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं असतं की देवीचा फोटो कुणी खोलत नसतंय साहेब.