सुरूच आहे!

काल शेजारच्या सुहासने विजेवरची गाडी आणली. हिरवी नंबरप्लेट, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सरकारने कर माफ केला म्हणून घेतली, असं तो ज्याला त्याला सांगत होता. त्याचे वडील मात्र कुरकुरत होते, "घाटात चार्जिंग संपलं तर रे?"

आमची पहिली गाडी आली तेव्हा आजोबांनी हेच विचारलं होतं, फक्त पेट्रोलबद्दल. तीच गाडी पुढे म्हातारी झाली. ती गल्लीच्या तोंडाशी खोकली की आई चहाचं आधण ठेवायची. बाबा चपला काढेपर्यंत चहा उकळलेला असे.

ओवाळून झाल्यावर सुहासची आई म्हणाली, "हं, आता सुरू कर गाडी."

"अगं, सुरूच आहे!"

सगळे हसले. गाडी पुढे सरकली आणि लिंबू फुटल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. शांतता छानच होती, तरी मला उगाच चुटपुट लागली.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण गल्लीत एखादी जुनी गाडी खोकली, की आईचा हात अजून गॅसकडे जातो.