वाऱ्याची चिंधी

डॉक्टर वसुधा सावे यांच्यावर अन्याय झाला. गेल्या रविवारी सकाळी, कुंभवलीतल्या शोकसभेत, त्यांच्या फोटोला हार घातल्या घातल्या. पहिलेच वक्ते म्हणाले, "बाईंच्या हाताला गुण होता. एका गोळीत माणूस बरा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या खुर्चीत धुमसत होते. साफ खोटं! बाई सहजासहजी गोळी देतच नसत.

त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीला एक लाल चिंधी बांधलेली असे. पेशंट आत आला की बाई आधी चिंधीकडे बघत, मग त्याच्याकडे. सातपाटीहून लेकीकडे आलेली एक मावशी एकदा वैतागलीच, "बाय, खोकला हाय. गोली दे ना!"

"देते. काल वारा कुठनं होता? पाणी कुठलं प्यालीस?"

"मी काय वेधशाला हाय?"

बाईंना हसू आवरेना. पण उत्तर घेतल्याशिवाय सोडलं नाही.

ही खोड त्यांनी प्राचीन ग्रीकांकडून उचललेली. "तिथले वैद्य नव्या गावात गेले की आधी वारा, पाणी, जमीन बघत," त्या मला सांगत. "उष्ण-थंड, ओलं-कोरडं, सगळे अंगात बरोबरीनं नांदले तर आरोग्य. एकट्यानं गादी बळकावली की आजार."

"म्हणजे लोकशाही!" मी ओरडलेच.

मी आमच्या प्रदूषणविरोधी चळवळीसाठी लिहिलेलं पत्रक त्यांनी पुढं ओढलं. अख्खं पत्रक कारखान्यांच्या धुरावर होतं. "तुझ्या पत्रकात तर एकटा धूरच राजा झालाय. तो आहेच, त्याला सोडू नकोस. पण माणसाची झोप, जेवण, चालणं? ते वैद्य त्यालाही औषधच मानत. आणि तू कधी जेवलीस?" सकाळपासून नुसता चहा झाला होता. मग भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात आली.

"स्वस्थ बस आणि खा."

"स्वस्थ बसणं आमच्यात बसत नाही, बाई."

"आधी मराठी शिक! स्वस्थ म्हणजे आपल्या जागी ठाम. गप्प नव्हे."

पत्रक मी पुन्हा लिहिलं; रात्रपाळीवाल्यांची झोपही त्यात आली. तेवढं एकच लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं. एरवी आमच्या पत्रकांत भजी बांधली जातात.

महिन्यापूर्वी बाई दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. तक्रार कसली करायची? भरपूर जगल्या, हसत जगल्या. पण सभेनंतर दवाखान्यात डोकावले, तर नवे डॉक्टर एसी बसवत होते. खिडकी बुजणार होती. चिंधी मी सोडून आणली. आत्ता, हे लिहिताना, ती माझ्या खिडकीत फडफडतेय... वारा कारखान्यांकडूनच आहे.

तुम्हीही एक बांधा, आजच. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की, डॉक्टरांनी विचारो न विचारो, गोळी मागण्याआधी सांगा, वारा कुठला होता.