लॅपटॉप अमेरिकेत, आम्ही राणीसावरगावात

माझ्या धाकट्या बहिणीनं मान हलवली आणि आमच्या घरात साखर वाटली गेली. ती जन्मापासून बहिरी आहे, बोलतही नाही. स्थळ लातूरकडचं होतं. मुलगाही तसाच, छापखान्यात कामाला. फोनवर व्हिडिओ लावून दोघांची गाठ घालून दिली होती. फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला, तो सारखा घसरायचा. तळहाताएवढ्या चित्रात तो मुलगा हात हलवून काहीतरी सांगत होता. तिनं मान हलवली. काका म्हणाले, "झालं! पोरगी हो म्हणली!" आणि आईनं साखर काढली.

त्यानंतर मी गंगाखेडहून माहेरी, राणीसावरगावला गेले, तर तिनं माझा हात धरून मला थेट मागच्या अंगणात नेलं. आमच्या घरच्या खाणाखुणा फार थोड्या. मिशीला पीळ दिला की काका, डोळ्यांपुढे बोटांची वर्तुळं धरली की चष्मेवाली मी, शिवाय जेवण, पाणी, ये, जा, झोप. एवढ्या सामानात तिनं मला जे सांगितलं ते कळायला बराच वेळ लागला. ती हो म्हणालीच नव्हती. समोरचा हातांनी बोलत असताना मान हलवायची म्हणजे 'बघतेय, पुढे बोल'. आपण फोनवर हं, हं करतो तसं. आता आपण हं म्हटलं म्हणून कुणी आपलं लग्न लावून देत नाही!

पण नाहीही म्हणत नव्हती ती. तिला त्याच्याशी नीट बोलायचं होतं. लहान फोनवर त्याची बोटं दिसत नाहीत, मोठा पडदा पाहिजे, हे तिनं हवेत चौकोन काढून सांगितलं, दोनदा. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीत माझा लॅपटॉप असतो हे तिला माहीत होतं.

वडील गेल्यापासून घरात शब्द काकांचा. मी त्यांच्यापाशी विषय काढला. काका वाईट माणूस नाही, पण त्यांना घाई फार.

"बोलू दे की, म्या कुठं नको म्हणलो? पण रविवारीच. जेवणं झाली की पाव्हण्याचा फोन येणार हाय. तवा हो का न्हाई ते सांगावं लागंल. लोकायला किती दिस लटकून ठेवायचं?"

म्हणजे रविवारची सकाळ तिच्या हातात होती. त्या सकाळी बोलणं झालं तर झालं, नाहीतर तिची ती मान हलवणंच खरं धरलं जाणार होतं.

रविवारी मी पहिल्या एसटीनं लॅपटॉप घेऊन पोचले. लॅपटॉप जुना आहे. नवऱ्यानं हैदराबादच्या बाजारातून आणलेला, दुसऱ्या का तिसऱ्या हातचा. पोटाखाली कुठल्यातरी परदेशी कचेरीचा नंबर चिकटवलेला. मूळची प्रणाली इतकी मंद झाली होती की लॅपटॉप सुरू करून दळण आणायला जावं. शेवटी मी त्यावर लिनक्स घातलं. फुकट मिळतं, कुणाच्या मालकीचं नाही, आणि पाहिजे त्यानं उघडून आत काय लिहिलंय ते वाचावं. तेव्हापासून गंगाखेडला ते यंत्र पोळ्याच्या बैलासारखं मिरवत होतं.

माहेरी काकांनी क्रिकेटसाठी वायफाय घेतलेलं आहे. राउटर बैठकीतच, भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी. मी त्याच्या खालीच बसले आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर यादी आली. कृषी केंद्राचं वायफाय दिसलं. दवाखान्याचं दिसलं. पलीकडच्या गल्लीतल्या सलूनचंसुद्धा दिसलं. आमचं नाही.

फोन पाहिला, तर फोनवर आमचंच सगळ्यात वर, भरल्या रेघांनी.

लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. कडेला वायफायचं बारीक बटण असतं, ते मागेपुढे केलं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून वायफायची सगळी यंत्रणा काढली आणि पुन्हा बसवली. परत यादी आली. कृषी केंद्र, दवाखाना, सलून.

"ह्याला बी शेजाऱ्याचंच गोड लागायलंय," काका म्हणाले.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," आई म्हणाली.

मला दोघांचाही राग आला. वायरनं जोडावं तर लॅपटॉपचं ते भोक कधीचंच मोडलेलं. फोनचा हॉटस्पॉट लावला, तर आमच्याकडे मोबाईलची रेंज गच्चीवरसुद्धा धड येत नाही. चित्र थिजायचं. बोलणारा माणूस थिजला तर निदान आवाज तरी कानावर पडतो. हात थिजले तर वाक्यच मोडतं.

काकांनी आपला फोन पुढे केला. "ह्याच्यावरच बोल म्हणावं तिला. खामखा तकरार कशाला?"

बहिणीनं त्यांच्या हातातला फोन पाहिला. डाळीच्या डब्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि तशीच उभी राहिली. आपण तोंड मिटून घेतो ना, तसं ते होतं. काकांनी फोन खिशात टाकला.

लिनक्स वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चव्हाटा आहे. तिथं जगभरची माणसं एकमेकांच्या यंत्रांची दुखणी ऐकत बसलेली असतात. मी फोनवरून माझं दुखणं तिथं मांडलं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पहिला भेटला तो दीडशहाणा. आधी जुनी उत्तरं वाचा, मग विचारा, म्हणाला. त्याला मी मनातल्या मनात जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्यानं चारपाच आज्ञा चालवून त्यांची उत्तरं मागितली. मी फोटो काढकाढून पाठवत गेले. बहीण माझ्या खांद्यामागे उभी. दर वेळी मी बोटं थांबवली की ती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

मग तिसरं उत्तर आलं. त्यात दोनच प्रश्न होते. तुमचा राउटर कितव्या चॅनलवर आहे? आणि हा लॅपटॉप मूळचा कुठला?

वायफाय हवेत वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं, त्यांना चॅनल म्हणतात आणि त्यांना नंबर असतात, एवढं मला माहीत होतं. फोनवर शोधून काढलं. आमचा राउटर तेरा नंबरवर होता. बसवणाऱ्यानं गर्दी टाळायला त्याला कडेला नेऊन ठेवलं असणार. दुसऱ्या प्रश्नासाठी लॅपटॉप उलटा केला आणि पोटावरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला.

उत्तर आलं, "मग सगळं बरोबर आहे. तुमचा लॅपटॉप अजून अमेरिकेत आहे."

मी ते तीनदा वाचलं. कुठली पट्टी वापरायची आणि कुठली नाही याचे दर देशाचे नियम वेगळे. भारतात तेरा नंबर चालतो. अमेरिकेत तो वापरत नाहीत. माझा लॅपटॉप तिथल्या नियमानं बनलेला, म्हणून तेरा नंबरवर तो कान देतच नव्हता. बिघडला नव्हता. राउटर त्याच्या डोक्यावर बसून हाका मारत होता, आणि हा आपला ज्या देशातून कधीच निघून आला त्या देशाचा कायदा पाळत बसला होता. पोटाला नंबर चिकटवून, समुद्र ओलांडून, हैदराबादच्या बाजारात विकला जाऊन, एसटीच्या टपाखाली हादरे खात राणीसावरगावला आला, तरी त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की गाव बदललं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हवा म्हणजे वायूंचं मिश्रण, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या हवेत सरहद्दी असतात, दर देशाचा वेगळा कायदा असतो, आणि कुठलीतरी माणसं बसून जगातल्या एकूण एक देशाचे, नकाशात ठिपक्याएवढ्या बेटांचेसुद्धा, नियम गोळा करून या फुकटच्या प्रणालीत लिहून ठेवतात, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या बैठकीत कळलं. अंगावर काटा आला माझ्या, खरंच. कुणी सांगितलं होतं त्यांना हे करायला? आणि ज्यानं मला उत्तर दिलं, त्याचं माझं नातं काय? कसे आभार मानू, म्हणून मी विचारलं तर तो म्हणाला, काही नको, फक्त तुमच्या प्रश्नावर 'सुटला' असं लिहा, म्हणजे पुढच्याला सापडेल.

त्यानं दिलेली ओळ मी काळ्या पडद्यावर लिहिली. शेवटी भारताची दोन अक्षरं. बटण दाबलं. यादी एकदा पुसली गेली आणि परत आली. कृषी केंद्र, दवाखाना, सलून, आणि सगळ्यांच्या वर आम्ही.

मी ओरडले. आई स्वयंपाकघरातून हातातल्या लाटण्यासकट धावत आली. बहिणीला ऐकू आलं नव्हतं, पण तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिच्या पाठीमागचे हात सुटले.

मुलगा पडद्यावर आला. मागं निळी भिंत, शेजारी त्याचे आईवडील. एवढा मोठा, एवढा स्वच्छ, की त्याच्या बोटांवरची शाईसुद्धा दिसत होती. नमस्कार झाले. मग त्यानं काहीतरी केलं आणि त्याचे आईवडील हसत उठून गेले. आम्ही तिघं मात्र बसलेलोच. आमच्या मते आम्ही बसायलाच पाहिजे होतं.

आणि मग माझी बहीण बोलायला लागली.

मला हे नीट सांगता येणार नाही. आम्ही तिला गरीब गाय समजत होतो. अबोल, जे ताटात पडेल ते खाणारी. तिचे हात निघाले ते थांबेचनात. भुवया वर, ओठ मुडपलेले, मान तिरकी, मध्येच एक बोट रोखून 'थांब थांब, आधी माझं होऊ दे'. तो काहीतरी म्हणाला की ही त्याला खोडून काढत होती. त्याची चेष्टा करत होती! कुणाची तरी नक्कल केली तिनं, गाल फुगवून, पोट पुढे काढून, आणि तो मुलगा हसता हसता खुर्चीवरून कलला. मी तिची सख्खी बहीण, एका अंथरुणात झोपून वाढलेली. ती विनोदी आहे हे मला तेव्हा कळलं. बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात ती ही भाषा शिकली आणि ती घेऊन घरी आली, तर घरात ती भाषा कुणालाच येत नव्हती.

"ही एवढं बोलती व्हय गं?" आई म्हणाली. लाटणं अजून तिच्या हातातच होतं. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "शाळा सुटल्यापून कुणासंगं बोलली असंल माझं लेकरू?"

मला रडू आलं. उत्तर दोघींनाही माहीत होतं.

तेवढ्यात बहिणीचं लक्ष आमच्याकडे गेलं. ती उठली. काकांचे दोन्ही खांदे धरून तिनं त्यांना बसल्या जागी भिंतीकडे फिरवलं. मग आईला, मग मला. आम्हाला आधी उमगेना, मग मला कळलं. आपण बोलताना दार लावून घेतो. हिच्या भाषेत चोरून ऐकायला डोळे लागतात, म्हणून तिनं आमचे डोळे लावून घेतले.

तर आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे. मागून फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. कधी हळू, कधी घाईनं, कधी एकदम बंद, आणि मग तिचा तो घोगरा हसण्याचा आवाज, जो आम्ही वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

"भांडायलीय का काय?" काका कुजबुजले.

"काका, कुजबुजताय कशाला? तिला ऐकू येतंय का?"

"अगं, तरी बी," काका म्हणाले, पण पुढेही कुजबुजतच राहिले. मला वाटतं ते घाबरले होते, चांगल्या अर्थानं. मोठ्या माणसांच्या बैठकीत आपण नकळत शिरलो की होतं तसं.

पोळ्या थंड झाल्या. कुणी उठलं नाही. ऊन उंबऱ्यावरून सरकत भिंतीपाशी आलं आणि बांगड्या वाजतच होत्या. आणि मग काकांचा फोन वाजला. मुलाचे काका होते, सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चाललेलं. त्यांचा मोठा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. झालं का जेवण, मग काय ठरलं पोरीचं, हो धरायचं ना?

काकांनी मान वळवायला घेतली आणि मध्येच थांबवली. भिंतीकडेच बघत राहिले. त्यांच्या मिशा हलत होत्या.

"न्हाई पाव्हणं," ते म्हणाले, "आत्ताच कसं सांगू? पोरगी अजून बोलायलीय."