गांगुर्डेची दाढी

गांगुर्डे प्लेटलेट कमी होऊन गेला नाही, हे एकदाचं सांगून टाकतो. गेल्या महिन्यात शोभावहिनींचा सकाळीच फोन आला, मी समोरच्या बिल्डिंगमधून धावत गेलो, तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हार्ट... पण इंदिरानगरातले निम्मे लोक अजून हळहळतात, "प्लेटलेटनी घात केला हो!" ही थाप मूळ गांगुर्डेचीच.

सातपूरला आम्ही एकाच कंपनीत होतो, तो सुपरवायझर. रोज गुळगुळीत दाढी करून यायचा आणि खुंट वाढलेला कामगार दिसला की विचारायचा, "काय रे, घरी कोणी वारलं का?" रिटायर झाल्यावरही दाढी चुकली नाही. मग यंदा डेंगी झाला, दवाखान्यात प्लेटलेट उतरल्या आणि नर्सने रेझर काढून घेतला. कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही म्हणे. याला वाटलं, आटोपलं आपलं. डॉक्टर हसले. "काका, ॲडमिट झालेल्या पुष्कळांच्या उतरतात. तापाने, इन्फेक्शनने, कधी औषधानेसुद्धा. बहुतेकांच्या थोड्याच उतरतात, परत चढतात. फारच खाली गेल्या तर काळजी." गांगुर्डेला चक्क अपमान वाटला! एवढा घाबरला, आणि शेजारच्या कॉटवरच्यालाही तेच. दोघं एकमेकांचे खुंट बघत पडलेले. अशात वहिनी डबा घेऊन आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, किती छान दिसता हो!" लग्न झाल्यापासून हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

घरी आला तेव्हा रिपोर्ट नॉर्मल होता, मी स्वतः पाहिला. दाढी मात्र तशीच. कोणी विचारलं की चेहरा पाडून सांगायचा, "प्लेटलेट अजून कमी आहेत, ब्लेड बंद." वहिनींनाही हेच. झालं! कॉलनीतून पपईच्या पानांचा रस येऊ लागला. कडू जहर! बिचारा नाक दाबून प्यायचा. मी म्हटलं, "अरे, खरं सांगून मोकळा हो की." तर माझ्यावरच डाफरला, "काय सांगू? बायकोला आवडते म्हणून ठेवली? ह्या वयात? लाज नाही वाटणार?"

तो गेला त्या सकाळी अंघोळ घालायच्या आधी मी त्याचा रेझर शोधून आणला. आजारपणाआधी दाढी केल्याशिवाय कधी उंबरा न ओलांडलेला माणूस, त्याला असा कसा न्यायचा? रडू आवरत नव्हतं. वहिनींनी माझा हात धरला. "राहू द्या, भाऊजी... रिपोर्ट मीपण वाचला होता."

परवा त्यांच्याकडे गेलो, तर रेझर बेसिनवरच्या फळीवर परत ठेवलेला दिसला. "लिहा सगळं," वहिनी म्हणाल्या, "आता कोण चिडवणार त्यांना?" तेव्हापासून मीही दाढी केलेली नाही. आमची ही अजून काही म्हणालेली नाही.